वाजन ते घरी राहीन

आमच्या बाबांची सायकल कधी वाजली नाही. ही काही बढाई नाही, आमच्या आईची ती जन्माची तक्रार होती. बाबा गिरदावर होते. गावोगावच्या पटवाऱ्यांची दप्तरं तपासायची, शेतांच्या हद्दी पाहायच्या, पिकांची नोंद करायची, असं ते काम. महिन्यातले पंधरा दिवस ते आदिलाबादेतून सायकल काढून दौऱ्यावर असत. आमच्या गल्लीत दुसरे दोघंतिघं सायकलवाले नोकरदार होते, ते कोपऱ्यावर आले की लोटा, डबा, चेनकव्हर यांचा मिळून असा खडखडाट व्हायचा की त्यांच्या बायका तवा चुलीवर ठेवायला मोकळ्या. बाबा मात्र एकदम दारातच उभे. आई दचकायची आणि म्हणायची, "माणूस हाय का मांजर? चहाचं आधण ठेवाले तरी टाइम देत जा!" बाबा कॅरिअरवरची गाठोडी सोडताना मिशीतल्या मिशीत हसायचे तेवढंच.

आठ दिवसांच्या दौऱ्याला त्यांचं सामान केवढं, तर मागे एक वळकटी आणि पुढे हँडलला एक पिशवी. वळकटीत सतरंजी, एक धोतर, एक सदरा. धोतर रात्री पांघरूण व्हायचं, सकाळी पंचा. पिशवीत कागदपत्रांचं दप्तर, दाढीचं सामान, दशम्यांचं फडकं आणि जवसाच्या चटणीची एक डबी. लोटा पिशवीत नाही, तो वळकटीच्या पोटात, आणि लोट्याच्या पोटात गुंडाळलेले मोजे. पोकळ जागा ठेवायची नाही, पोकळ तेच वाजतं, असं त्यांचं म्हणणं. आणि हे सगळं बांधायचं ते सुतळीने नाही. सायकलीच्या जुन्या ट्यूब कापून केलेल्या पट्ट्या होत्या त्यांच्याकडे, बोटभर रुंद, काळ्याभोर, सात-आठ असतील. सुतळी चालता चालता सैल पडते, ट्यूबची पट्टी ओढून धरते. त्या पट्ट्या दारामागच्या खिळ्याला लटकत, आणि आम्हा दोघी बहिणींना त्यांना हात लावायची मुभा नव्हती. एकदा ताईने त्यातली एक माकडउड्यांची दोरी करायला नेली तर बाबा दिवसभर तिच्याशी बोलले नव्हते. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं, असं वाटायचं, अशी ती चूप बसायची रीत.

सामान बांधून झालं की अंगणातल्या लिंबाभोवती सायकलीच्या तीन फेऱ्या. बसून नाही, हातात धरून, जरा दणकवत. जे वाजेल ते सोडून घरात. "वाजन ते घरी राहीन," हा त्यांचा कायदा. एकदा दाढीचा वाडगा वाजला, तर तोही घरी राहिला आणि बाबा आठ दिवसांनी साधूसारखे दाढी वाढवून परतले.

मागच्या महिन्यात माझ्या ताईची नात हैदराबादेहून सायकलीवर नागपूरला निघाली होती, ती एक दिवस माझ्याकडे थांबली. तिच्या त्या पाणी न शिरणाऱ्या पिशव्या, चिमूटभर वजनाचा तंबू, आणि काय काय. पोरीने वजन वाचवायला दात घासायच्या ब्रशचा दांडा अर्धा कापलेला! मी हसून हसून बेजार झाले. मग हसू ओसरल्यावर तिला म्हटलं, बाई, उद्या निघताना गेटापाशी तीन फेऱ्या मार. तिला वाटलं म्हातारीचा काही शकुन असेल. तिने मारल्या, आणि तिची पाण्याची बाटली वाजली. मला फार बरं वाटलं.

पण हलकं सामान नेणं बाबांना साधायचं ते नुसत्या बांधण्यामुळे नव्हे. खरी अडचण सामानाची नसायची, वानोळ्याची असायची. आमच्याकडे पाहुणा दारातून रिकाम्या हाताने जात नाही. शेतात जे असेल ते त्याच्यासोबत बांधून द्यायचं, तो वानोळा. आणि वानोळ्याला नाही म्हणायचं नसतं, म्हटलं तर घरची बाई वर्षभर मनात ठेवते. आता गिरदावर सायकलीवर, आणि रोज नवं गाव. एका गावी कोहळं, दुसरीकडे शेंगा, तिसरीकडे पायलीभर ज्वारी. दुसरा असता तर तिसऱ्या दिवशी बैलगाडीच करावी लागली असती. बाबांनी यावर तोड काढली होती. पहिल्या घरचा वानोळा दुसऱ्या घरी द्यायचा, दुसऱ्याचा तिसऱ्या. कोणाच्याही घरी रिकाम्या हाताने गेले नाहीत आणि कोणाचंही ओझं एका मुक्कामापेक्षा जास्त वाहिलं नाही. कधी कधी फिरून फिरून पहिल्या घरचंच कोहळं पहिल्या घरी जायचं, आणि ती बाई म्हणायची, आमच्याकडच्यापेक्षा हे गोड हाय.

ही सगळी विद्या माझ्या कामी आली ती ट्रेनिंग झाल्यावर. दिवाळी होऊन गेली होती, कापसाच्या गाड्यांनी बाजाराचा रस्ता भरलेला, आणि मला शाळामास्तरणीची ऑर्डर आली. नेरडीगोंड्याच्या पलीकडे आत एका खेड्यातली मराठी शाळा. हजर व्हायचं नेरडीगोंड्याच्या मोठ्या शाळेत, हेडमास्तरांपुढे ऑर्डर ठेवून, ठरलेल्या सोमवारी शाळा सुटायच्या आत. नाही तर ती जागा यादीतल्या पुढच्या नंबराला. ऑर्डर हातात घेऊन मी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले. आई रडली, पण तिचं रडणं भाजीला फोडणी देण्यासारखं होतं, चर्र झालं आणि संपलं.   एकटी मुलगी, अनोळखी खेडं, हे बाबांच्या गळी उतरत नव्हतं, आणि नोकरीला नाही म्हणावं असंही कारण नव्हतं. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "मी पोचवून देतो तुले. बसनं नाई, सायकलीनं. आत बस जातच नाई, तुले रोज सायकलच चालवा लागीन. जेवढं तुझ्या गाडीवर माईन तेवढाच तुझा संसार. अन् एक. रस्त्यात एकदा जरी म्हनली का बाबा, हे तुमच्या गाडीवर घ्या, का मायासाठी हे करा, तं तिथूनच दोघं माघारी."

मी हो म्हटलं. एका नर्सबाईंकडून घेतलेली लेडीज सायकल होती माझ्याकडे. रविवारी पहाटेच निघायचं म्हणून शनिवारी संध्याकाळी अंगणात सामान मांडलं. सतरंजी, दोन लुगडी, तवा, ताटली, पेला, कंदील नको कारण कंदील वाजतो, खडूचा डबा नको कारण तो सरकार देईल. आईने दर वेळी एक वस्तू आत सरकवायची आणि बाबांनी ती बाहेर काढायची, असा खेळ तासभर चालला. शेवटी आईने जुन्या हिरव्या लुगड्याच्या दोन पिशव्या शिवल्या आणि दोन्हींत तुरीची डाळ भरली. एक इचोड्याच्या गोदामावशीसाठी, कारण मुक्काम त्यांच्याकडे होता, आणि एक माझ्या नव्या चुलीसाठी. बाबा म्हणाले, "ऑर्डर माया दप्तरात ठेव." मी हो म्हटलं आणि ठेवली नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माझ्या डाळीच्या पिशवीत खाली खुपसली. का, ते आज लिहिते, तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, बाबांनी मधूनच माघारी फिरायचं ठरवलं तर कागद त्यांच्या हातात नको.

आदिलाबाद ते इचोडा हा रस्ता आता चौपदरी आहे, ताईची नात म्हणते की झोपेतही चालवता येतो. तेव्हा तो एकाच ट्रकाएवढा होता, समोरून ट्रक आला की आपण मातीत उतरायचं. बाजूच्या बोरीबाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले. बाबा पुढे, मी मागे. माझी वळकटी चार वेळा कलली आणि मी चारदा उतरून बांधली. बाबा पुढे जाऊन थांबायचे, पाठ करून उभे राहायचे, बघायचेही नाहीत. दुपार कलताना इचोड्याला पोचलो. गोदामावशीचं हॉटेल होतं रस्त्यालगत, म्हणजे चार बाकडी आणि एक भट्टी. तिचा नवरा आणि बाबा जुने स्नेही. त्या संध्याकाळी तिने भाकरी, वांग्याचं भरीत आणि तेलात भिजलेला ठेचा वाढला. मी पाच भाकरी खाल्ल्या. गोदामावशी म्हणाली, "भाऊजी, पोरगी टिकते बरं तिथं. खाणारं माणूस टिकते." बाबा हूं म्हणाले.

सकाळी निघताना मी मोठ्या तोऱ्यात हिरवी पिशवी तिच्या हाती ठेवली. तिने उलट वानोळा म्हणून जर्मलचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एक पातेलं आणलं, दोन्ही बाजूंना कड्या आणि वर झाकण. "नव्या घरी काय तव्यावर डाळ शिजवशीन काय वो?" बाबांनी पातेलं हातात घेऊन हलवलं. कड्या वाजल्या, झाकण वाजलं. "नाई वहिनी, हे वाजते. हे नाई न्यायचं." बाबांनी वानोळा नाकारताना मी पहिल्यांदा पाहिलं. गोदामावशीचं तोंड उतरलं.

इचोड्याच्या पुढे रस्ता चढउताराचा, दोन्ही बाजूंना सागवान. तीनेक कोस गेल्यावर एका मोठ्या आंब्याखाली दशम्या खायला बसलो. मी खुशीत होते, सामान एकदाही कललं नव्हतं. बाबा म्हणाले, "ऑर्डर काढून हाताशी ठेव. नेरडीगोंडा आलंच आता." मी पिशवीत हात घातला. डाळ. खालपर्यंत हात घातला. डाळ. पिशवी पदरात उलटी केली, आणि पदरात नुसती पिवळीधमक डाळ पडली.  दोन्ही पिशव्या एका लुगड्याच्या, एका मापाच्या. मी माझी देऊन आले होते.

"कुठं ठेवली होती?" बाबांनी विचारलं.

"डाळीत."

"माया दप्तरात काऊन नाई ठेवली?"

 मी खाली मान घालून डाळ वेचत राहिले. बाबा माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं तो राग असता तर मी सोसला असता. ते दुखावले होते. सरकारी माणूस, हजारो लोकांच्या जमिनीच्या नोंदी ज्याच्या भरवशावर, आणि पोटच्या पोरीने एक कागद दिला नाही. ते उठले. "तू सामानापाशी बस. मी घेऊन येतो."

"नाई."

"उन्हाचं तुले नाई होनार जाऊन येणं. पाच वाजेपर्यंत पोचा लागते."

"तुमी गेले तं माघारी जाणं आलं ना, बाबा. तुमीच म्हनले होते, मायासाठी काही करा म्हनलं का माघारी. मी नाई म्हनत. मीच जातो."

आमच्याकडे बायकाही 'जातो', 'येतो' म्हणतात, पण त्या दिवशी तो शब्द मला स्वतःलाच नवा वाटला. बाबा उभेच. मी वळकटी सोडली. ते म्हणाले, "ते मी माया गाडीवर…" मी म्हटलं, "गाडीवर नाई. झाडाखाली ठेवा. झाडाखाली ठेवू नये असं काही ठरलं नव्हतं." बाबांना हसू आलं, आलेलं त्यांनी गिळलं. "गिरदावराची पोट्टी," एवढंच पुटपुटले. आणि खिशातून दोन ट्यूबच्या पट्ट्या काढून माझ्या कॅरिअरला गुंडाळल्या. "लागतीन," म्हणाले.

तोपर्यंत मी एकटी त्या रस्त्यावर कधी गेले नव्हते, गावाबाहेरच्या कुठल्याच रस्त्यावर गेले नव्हते. ट्रकवाले हॉर्न वाजवत, कापसाच्या गाडीवरचा एक म्हातारा ओरडून म्हणाला, "बाई, कोन मेलं का?" मी म्हटलं, नाही, नोकरी लागली. तो जोरात हसला. चढावर उतरून सायकल ढकलली, उतारावर पाय वर घेतले. भीती वाटली का? वाटली. पण सांगायला हरकत नाही, मधूनमधून मजाही वाटली, आणि त्या मजेची मला लाज वाटली.

गोदामावशी भट्टीवर होती. माझं ऐकून तिने कपाळावर हात मारला. "अवो माय! ते पिशवी तं मी पुढं देली. रहमतबीकडे पाव्हने आले, तिच्या घरी डाळ नव्हती." वानोळा पुढे द्यायची विद्या एकट्या बाबांनाच येत होती थोडीच! रहमतबीचा नवरा समोरच पंक्चरचं दुकान चालवायचा, त्यामागेच त्यांचं घर. मी रस्ता ओलांडून धावत गेले. रहमतबी सुपात डाळ निवडत बसली होती, अर्धी चुलीवर चढलेली. आणि फळीवर, तेलाच्या बाटलीखाली दाबून ठेवलेली माझी ऑर्डर. मला पाहून ती उठलीसुद्धा नाही. "सरकारी कागज दिख रा था," ती म्हणाली, "मैं बोली, जिसका है वो दौड़ते आएगा. आ गई ना!" कागदाला हळदीचं एक बोट लागलं होतं. मी तो पोटाशी धरला आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. रहमतबीने रडू दिलं. मग रिकामी पिशवी परत करायची नसते म्हणून तिने त्यात गुळाचा खडा टाकला, आणि मी निघाले तर रस्त्याच्या अलीकडे गोदामावशी तेच पातेलं घेऊन उभी. 

मी पातेलं घेतलं. वाजणारं सामान न्यायचं नाही हा बाबांचा कायदा मला पाठ होता. पण पातेलं मला हवं होतं आणि मावशीचं तोंड पुन्हा उतरलेलं मला बघायचं नव्हतं. भट्टीशेजारी बसून मी ते बांधलं. गुळाची पिशवी आत, वर डोक्याचा रुमाल कोंबून पोकळी भरली. झाकण उलटं घातलं. दोन्ही कड्यांना चिंध्या गुंडाळल्या. दोन्ही पट्ट्या ओढून, एक उभी, एक आडवी. आणि ऑर्डर पोलक्याच्या आत. मग हॉटेलसमोरच तीन फेऱ्या मारल्या. गिऱ्हाइकं चहा थांबवून बघत होती. पहिल्या फेरीत कडी वाजली. पुन्हा बांधलं.

आंब्यापाशी पोचले तेव्हा बाबा रस्त्याकडे पाठ करून बसले होते. मी अगदी जवळ जाऊन उतरले तरी त्यांना कळलं नाही. "बाबा," म्हटलं तर दचकून उठले, बाबा दचकले! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कॅरिअरकडे. पातेल्यापाशी गेले, एक बुक्की मारली. नाही वाजलं. पट्टीखाली बोट घालून ओढून पाहिली. मी पोलक्यातून ऑर्डर काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "तुमच्या दप्तरात ठेवा." त्यांनी ती उलगडून वाचली, हळदीच्या डागापाशी थांबले, घडी केली आणि परत माझ्या हातात दिली. "तुझ्याचपाशी राहू दे," म्हणाले, "चाल, उशीर होऊन राह्यला."

शाळेची शेवटची घंटा व्हायच्या थोडी आधी आम्ही नेरडीगोंड्याच्या शाळेत शिरलो. हेडमास्तरांनी हळदीबद्दल विचारलं, मी म्हटलं शुभ असते. त्या रात्री शाळेच्याच व्हरांड्यात झोपलो. सकाळी आतल्या गावी बाबांनी मला पोचवलं, खोली पाहिली, चूल मांडून दिली, कौलं हलवून पाहिली, आणि त्या पातेल्यात मी केलेलं वरण जेवले. चांगलं झालं म्हणाले नाहीत, दोनदा घेतलं. निघताना बाहेर जाऊन सामान बांधत होते, मी आत भांडी आवरत होते. मग त्यांनी हाक मारली, मी दारात आले, पाया पडले. बाबा सायकलीवर बसले आणि निघाले.

आणि बाबांची सायकल वाजली. लोटा वाजत होता, चटणीची डबी वाजत होती, पिशवी हँडलवर आपटत होती. गल्लीतल्या कुठल्याही नोकरदाराच्या सायकलीसारखी खडखडत ती वळणापर्यंत गेली, आणि वळणामागे दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ ऐकू येत राहिली. मला कळेना, बाबांना झालं काय. मग मी दार लावायला मागे वळले. दारामागच्या खिळ्याला त्यांच्या सगळ्या पट्ट्या लटकत होत्या.